बेव्हरिजसाहेबांचा किडा

आधीच सांगून टाकतो. वरातीत सगळे नाचत असताना ज्याच्या हातात चार मोबाईल, दोन पाकिटं आणि करवलीची पर्स देऊन "तू जरा हे सांभाळ रे" म्हणतात ना, तो मी. असा माणूस आज नाचावर लिहिणार आहे, तेही इंग्रजांच्या दोनशे वर्षांपूर्वीच्या नाचावर. तेव्हा मंडळी, अपेक्षा बेताच्या ठेवा.

तर झालं असं. कंपनीने मला ब्रिस्टलला पाठवून दीड वर्ष झालं होतं. ब्रिस्टलहून बाथ हे गाव ट्रेनने जेमतेम पाव तासावर. पिवळसर दगडाची घरं, रोमन लोकांनी बांधलेली गरम पाण्याची कुंडं आणि जेन ऑस्टिन. ही बाई १८०१ ते १८०६ तिथे राहिली, त्या पुण्याईवर गाव अजून जगतंय. दर सप्टेंबरात तिच्या नावाने उत्सव असतो, शेकडो लोक त्या काळचे कपडे घालून रस्त्यावरून मिरवतात. आणि 'रीजन्सी बॉल' होतात. रीजन्सी म्हणजे काटेकोरपणे बोलायचं तर १८११ ते १८२०. राजा तिसरा जॉर्ज आजारी, म्हणून युवराज 'रीजंट' या नात्याने कारभार बघत होता, तो काळ. २०२० च्या डिसेंबरात 'ब्रिजर्टन' आल्यापासून आमच्या वयाच्या मंडळींनाही याचा नाद लागलाय.

माझ्या टीममधल्या एका मुलीकडे अशा एका बॉलची दोन तिकिटं होती आणि बरोबर येणाऱ्याने ऐन वेळी टांग दिली. तिने मला विचारलं. शनिवार रिकामाच होता (माझे सगळेच शनिवार रिकामे असत, पण ते कशाला सांगा). हो म्हणालो. तिकिटाबरोबर एक मेल आली होती : दुपारी दोन तास सराव ठेवलाय, नवख्यांनी जरूर यावं. मी मेल वाचली. आणि दुपारचे ते दोन तास कोट भाड्याने देणाऱ्या दुकानात घालवले.

संध्याकाळी आरशात बघतो तर काय, शेपटीवाला कोट, गळ्याला पांढऱ्या रुमालाचे तीन वेढे, पांढरे हातमोजे. साक्षात मिस्टर डार्सी, कोथरूड आवृत्ती. फोटो काढले, घरच्या ग्रुपवर टाकले, आईने "तब्येत उतरली आहे" एवढंच कळवलं. इथपर्यंत सगळं झकास होतं.

मग नाच सुरू झाला.

पुरुषांची एक रांग, बायकांची एक, समोरासमोर. पुढे एक कॉलर, म्हणजे पुढची हालचाल मोठ्याने सांगणारा माणूस. तो म्हणाला "कास्ट ऑफ". कास्ट मला सी प्लस प्लसमधला ठाऊक होता. सगळे वळून रांगेच्या मागून खाली गेले, मी वर गेलो. मग तो म्हणाला "हे". मी "काय?" म्हणून बघितलं तर तिघं जण एकमेकांभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत होते आणि त्या आकड्याच्या बरोब्बर मध्यात मी उभा. शेजारच्या जोडीला त्यांचा माणूस सापडेना, त्यांच्या शेजारच्यांना ते सापडेनात. अर्ध्या मिनिटात आमच्या बाजूची अख्खी रांग हँग. समोरचे सत्तरीचे गृहस्थ अगदी हळू आवाजात म्हणाले, "हा एक नाच तुम्ही बसून बघितलात तर बरं पडेल."

बसलो. उरलेली संध्याकाळ भिंतीला लागून खुर्चीवर. वरातीत निदान पाकिटं तरी असतात हातात.

परतीच्या ट्रेनमध्ये माझं डोकं फिरलेलं. अख्ख्या हॉलमध्ये सावळी माणसं मोजून तीन, आणि त्या म्हाताऱ्याने नेमकं मलाच उठवलं. मी हे बोलून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "इथे तसं होत नाही असं मी म्हणणार नाही. पण आज तू एकदाही समोरच्या माणसाकडे बघितलं नाहीस. कॉलरकडे बघत होतास, नाहीतर स्वतःच्या बुटांकडे. आणि सरावाची मेल वाचली होतीस ना?"

हे पटायला मला आठवडा लागला. या देशात रंगाचा प्रश्न कधीच नसतो असं नाही, मलाही एकदोनदा भेटलाय. पण त्या रात्रीचा प्रश्न रंगाचा नव्हता, रांगेचा होता.

विचार करा. पुण्यात ढोल-ताशा पथकात कोणी असं करू देईल? गणपतीच्या आधी दीड-दोन महिने नदीकाठी रोज संध्याकाळी सराव चालतो, हाताला फोड येतात, तेव्हा कुठे मिरवणुकीच्या दिवशी कमरेला ढोल बांधायला मिळतो. उद्या एखादा गोरा नुसता झब्बा आणि फेटा घालून आला आणि म्हणाला की मी वाजवतो, तर? फोटो काढ म्हणतील, चहा पाजतील, पण ढोल देणार नाहीत. मी तो गोरा होतो. फेटा बांधून आलेला.

मग क्लास शोधला. दर मंगळवारी संध्याकाळी, एका चर्चच्या हॉलमध्ये. एक व्हायोलिन, एक अकॉर्डियन, मध्यंतरात चहा-बिस्किटं आणि सरासरी वय पासष्ट. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, "पावलांची चिंता नंतर. आधी ज्याचा हात धरलाय त्याच्या डोळ्यांत बघा." मराठी मुलाला हे सगळ्यात अवघड. पण खरंच, समोर बघितलं की गिरकी घेताना चक्कर येत नाही आणि पुढचा हात आपोआप समोर येतो.

आता इंजिनिअर आहे म्हणून ही गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. रांगेतल्या जोड्या वरून मोजायच्या : एक, दोन, एक, दोन. प्रत्येक 'एक' आपल्या खालच्या 'दोन'बरोबर एक फेरी नाचतो, आणि फेरी संपते तेव्हा दोघांच्या जागा बदललेल्या असतात. एक खाली सरकला, दोन वर. पुढच्या फेरीला समोर नवी जोडी. टोकाला पोचलेली जोडी एक फेरी नुसती उभी राहते, मग एकाची दोन किंवा दोनाची एक होऊन परत आत शिरते. (नवखे हमखास इथेच हरवतात. एज केस!)

घरी येऊन कागदावर मांडलं तर ओळखीचं निघालं. कॉलेजात शिकलेलं ऑड-इव्हन सॉर्ट, फक्त इथे लहानमोठं न बघता दरवेळी अदलाबदल करायची. आठ जोड्या धरा. पहिल्या फेरीत ४ भेटी, दुसरीत ३, मग ४, मग ३... आठ फेऱ्यांत एकूण २८. आणि आठांतून दोन-दोन निवडायचे प्रकार किती? २८! म्हणजे आठ फेऱ्यांत प्रत्येक जोडी उरलेल्या प्रत्येक जोडीला बरोबर एकदा भेटते. कोणी सुटत नाही, कोणी दोनदा येत नाही. एक फेरी साधारण चौसष्ट पावलांची, अर्ध्या मिनिटाची. चार-साडेचार मिनिटांत अख्ख्या रांगेशी तुमची हात धरून ओळख. एकही मीटिंग इतकी कार्यक्षम मी आजवर पाहिलेली नाही.

मी घरून काम करणारा माणूस. दीड वर्षात माझ्या हाताला कोणाचा हात लागला असेल तर तो सुटे पैसे देताना दुकानदाराचा. त्या पहिल्या मंगळवारी एका नाचात मी चौदा जणांचे हात धरले. बस पकडून घरी आलो आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. असो.

थोडा इतिहास. या नाचांना 'कंट्री डान्स' म्हणतात. जॉन प्लेफर्ड नावाच्या लंडनच्या प्रकाशकाने १६५१ मध्ये शंभरावर नाचांचं पुस्तक काढलं. राजा पहिला चार्ल्स याचं डोकं उडवून दोनच वर्षं झालेली, राज्य कडक प्युरिटन लोकांचं, आणि हे गृहस्थ नाचाचं पुस्तक काढतायत! ते इतकं खपलं की पुढे पाऊणशे वर्षं आवृत्त्या निघत राहिल्या. वर सुरावट, खाली सूचना. सूचना कशा, तर एखाद्या सीनियरने नोकरी सोडायच्या आदल्या दिवशी लिहिलेल्या डॉक्युमेंटेशनसारख्या. ज्याला आधीच येतं त्यालाच कळतील.

कालांतराने हे नाच मागे पडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेसिल शार्प नावाच्या संगीतशिक्षकाने ते पुस्तक उघडलं आणि त्या त्रोटक ओळींचा अर्थ लावत बसला. १९११ मध्ये त्याने या लोकनृत्यांसाठी संस्थाही काढली. काही ठिकाणी त्याला अंदाजच करावा लागला. 'सायडिंग' नावाची एक हालचाल आहे. त्याने ठरवलं की वळसा घालत जागा बदलायची आणि परत यायचं. नंतरच्या अभ्यासकांचं म्हणणं, नुसतं खांद्याला खांदा येईपर्यंत पुढे जायचं आणि मागे यायचं. पण तोवर शार्पची पद्धत लोकांच्या अंगात मुरली होती. आज कॉलर आधी सांगून टाकतो, शार्पवालं की दुसरं. बग होता, त्याचं फीचर झालं.

आणि आता आमचे बेव्हरिजसाहेब. १९९५ च्या बीबीसीच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये डार्सी आणि एलिझाबेथ ज्यावर नाचतात, तो नाच म्हणजे 'मिस्टर बेव्हरिजेस मॅगट'. मॅगट म्हणजे आज अळी, पण त्या काळच्या इंग्रजीत त्याचा अर्थ लहर, खूळ. आपल्याकडे डोक्यात किडा वळवळतो ना, तोच हा किडा. सुंदर नाच आहे, तीनच्या लयीतला संथ. प्रत्येक बॉलला लोक मागून घेतात, डोळे मिटून आपण जेन ऑस्टिनच्या काळात गेलो असं समजतात. फक्त एक घोटाळा आहे. तो छापला गेला १६९५ मध्ये. कादंबरी आली १८१३ मध्ये. मधे ११८ वर्षं! डार्सीच्या पणजोबांच्या काळातला नाच, आणि तसली लय तोवर फॅशनमधून गेलेली.

हे कळल्यावर मला वाटलं, मग शिकायचं कशाला? सगळं लुटुपुटीचंच आहे तर कोट घालून फोटो काढलेले काय वाईट? या प्रश्नावर मी बरेच मंगळवार घालवलेत, आणि आता माझं मत पक्कं झालंय. शिकायचं ते याचसाठी की लुटुपुटीचं कुठलं आणि खरं कुठलं हे तुम्हाला कळावं. न शिकणाऱ्याला टीव्हीने दिलेलं सगळं एकसारखंच खरं वाटतं.

खरं काय होतं ते सांगतो. ऑस्टिनच्या काळात आजच्यासारखे सगळे एकदम सुरू करत नसत. वरची पहिली जोडी नाच निवडायची आणि सुरू करायची. ती खाली सरकत तुमच्यापर्यंत येईपर्यंत तुम्ही उभे. लांब रांगेत एक नाच अर्धा-अर्धा तास चालायचा. आता कळलं का डार्सी आणि एलिझाबेथला भर नाचात इतकं भांडायला वेळ कसा मिळतो? रांगेत उभे आहेत बिचारे! त्या वेळची पावलंही आजच्यासारखी चालण्याची नव्हती, चांगल्या उड्या-ठेक्यांची होती. त्यासाठी नृत्यशिक्षक ठेवत, पुस्तकं निघत. म्हणजे डार्सीनेही तालीम केली होतीच. कोट घातला आणि नाच आला असं त्याचंही झालं नव्हतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सार्वजनिक बॉलमध्ये ओळख करून दिल्याशिवाय अनोळखी मुलीला नाचायला विचारता येत नसे. 'नॉर्थँगर ॲबी'त कॅथरीन बाथच्या अप्पर रूम्समध्ये पहिल्यांदा जाते (ही इमारत १७७१ ची, अजून उभी आहे), गर्दी ही एवढी, आणि ओळखीचं कुत्रं नाही. नाच न करताच परत येते. ते प्रकरण वाचताना मला माझी खुर्ची आठवली. पुढे लोअर रूम्समध्ये 'मास्टर ऑफ सेरेमनीज' टिल्नीची तिच्याशी ओळख करून देतो आणि गाडी पुढे सरकते. म्हणजे अनोळखी माणसाला रांगेत घ्यायचं कसं, यासाठी त्या लोकांनी चक्क एक माणूस नेमला होता. आज तो माणूस नाही. त्याचं काम मंगळवारचा क्लास करतो. तिथे न जाता थेट बॉलला जाणं म्हणजे ओळख करून न घेता कोणाचा तरी हात ओढणं.

आता खरा अवघड मुद्दा. पुण्यातल्या एका मित्राने माझा तो शेपटीवाल्या कोटातला फोटो बघून लिहिलं, "अरे, ज्यांनी शनिवारवाड्यावर झेंडा लावला त्यांच्याच कोटात मिरवतोस? काही वाटतं का?"

हसण्यावारी नेता आलं असतं, पण तारखा काढून बघितल्या आणि हसू गेलं. जेन ऑस्टिन वारली १८ जुलै १८१७ ला. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची, आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला. एकच वर्ष. तिची सख्खी आत्या १७५२ मध्ये हिंदुस्थानात आली होती, आतेबहीण एलायझा १७६१ मध्ये कलकत्त्यात जन्मली, तिचा धर्मपिता वॉरन हेस्टिंग्ज. त्या दिवाणखान्यांतल्या मेणबत्त्यांना कुठला पैसा जळत होता हे सांगायला इतिहासकार नको.

मित्राला मी लगेच उत्तर दिलं नाही. आता देतो. कोटाबद्दल तुझं बरोबर आहे. भाड्याचा कोट घालून मी त्यांच्यातला एक झाल्याचं सोंग करत होतो, आणि सोंग लगेच उघडं पडलं. पण नाचाबद्दल तुझं मला पटत नाही. रांगेत उभं राहायला इतिहास विसरावा लागत नाही, तो नीट माहीत असावा लागतो. आणि त्या काळच्या इंग्लंडात आपल्याकडचा माणूस ही काही नेटफ्लिक्सची कल्पना नव्हे. पाटण्याच्या दीन महंमदने १८१० मध्ये लंडनमध्ये 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढलं होतं. तो तिथे होता, स्वतःच्या नावाने, स्वतःचं दुकान टाकून.

म्हणून दुसऱ्या बॉलला मी कोट भाड्याने घेतला नाही. ताईच्या लग्नातला काळा बंद गळ्याचा कोट होता, तो घातला. पायात मऊ तळव्यांचे बूट. दुपारच्या सरावाला सगळ्यात आधी हजर. कोणी काही म्हणालं नाही. एका आजींनी कापड हाताने चाचपून बघितलं, तेवढंच.

रात्री बेव्हरिजसाहेब आले. सहाव्या फेरीला समोर तेच सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी मला ओळखलं की नाही कोण जाणे, पण डोळ्यांत बघितलं, हात दिला, आम्ही वळलो आणि ते पुढे गेले. एवढंच. पुढच्या फेरीला एक विशीतला मुलगा, नवा कोरा भाड्याचा कोट, नजर स्वतःच्या बुटांवर. चुकीच्या बाजूला वळणार हे मला दोन पावलं आधी दिसलं, कारण मी तसाच वळलो होतो. म्हटलं, "इकडे बघ, माझ्याकडे." त्याने मान वर केली. मी हात पुढे केला. रांग थांबली नाही.

तेव्हा बाबांनो आणि बायांनो, माझं म्हणणं थोडक्यात. जुन्या काळच्या बॉलला जायचं असेल तर जरूर जा. पण कपड्यांच्या आधी निदान चार वेळा सरावाला जा. सहा-सात हालचाली आल्या की संध्याकाळ निभते. चुकलात तर थांबून माफी मागत बसू नका, पुढची जागा गाठा. रांगेला तुमची माफी नको असते, तुम्ही हवे असता. फोन कोटातच राहू द्या. आणि एक नाच तरी तुमच्याहून नवख्या माणसाबरोबर करा.

बाकी वरातीत पाकिटं सांभाळायला मी अजूनही मिळेन. पण यंदा डिसेंबरात मावसभावाचं लग्न आहे, तेव्हा मोबाईल दुसऱ्या कोणाकडे देता आले तर बघा.